चार भोकांची फळी

“मग ही सगळी हत्यारं ठेवून घ्याल ना, बुवा?”

खटावकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. बुवांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही.

मी पडवीत पावटे सोलत बसले होते. बुवांना ऐकू येत नाही असं कोणी समजू नका. माझ्या घरी कढईत फोडणी पडली की यांना मठात कळतं. पण नको असलेला प्रश्न आला की ते ठार बहिरे होतात.

आमचे केवळपुरी बुवा चौऱ्याऐंशीचे. गोसाव्यांच्या मठात एकटेच राहतात. प्रवचन नाही, अंगारा नाही, काही नाही. दिवसभर लाकूड कोरत बसायचं. पळी, लाटणं, रवी, भोवरा. ज्याला हवं त्यानं न्यावं. गावात एक घर नाही जिथं बुवांचं वाकडं लाटणं नाही. माझ्या लाटण्यानं पोळी एका बाजूला जाड होते. तोंडावर सांगितलं तर म्हणाले, “मग जाड बाजू तू खा.”

असे आमचे बुवा. मी बालवाडीत पस्तीस वर्षं काढून घरी बसलेली बाई. मठ शेजारीच, म्हणून दुपारची भाकरी मी आणते.

आणि खटावकर म्हणजे भानुदास खटावकर, साताऱ्याचे. पाटबंधाऱ्यात नकाशे काढायचे, आता निवृत्त. दोन वर्षं दर गुरुवारी येत होते. बुवांना गुरू म्हणायचे, पण ध्यानाला बसतानाही मनगटावरच्या घड्याळात गजर लावायचे. गजर झाला की डोळे उघडायचे, नमस्कार करायचे, एसटी धरायची. एक मिनिट इकडचं तिकडं नाही.

त्या दिवशी मात्र ते टेम्पो करून आले. टेम्पोतून एक लाकडी पेटी उतरली. दोघांना उचलेना. मागून सागाच्या फळ्या उतरल्या.

“बुवा, मी काय विचारतोय…”

“उघड पेटी.”

त्यांनी उघडली. मी शेंग हातात धरून बघतच राहिले. रंधे, पटाश्या, करवती, कानशी, गिरमिटं. प्रत्येकाला मखमलीचा खण, प्रत्येकावर तेलाचा हात. कशावर एक ओरखडा नाही. अहो, माझ्या लग्नात माझ्या अंगावर एवढी मखमल नव्हती.

“एक्केचाळीस आहेत,” खटावकर म्हणाले. आवाजात तोरा होता. “छत्तीस वर्षं जमवतोय. ही पटाशी बघा.”

त्यांनी बाही वर केली आणि पटाशी मनगटावरून अलगद फिरवली. केस साफ. कातडी लाल झालेली दिसली. आधीही पुष्कळदा दाढी झाली असावी त्या हाताची.

“रोज सकाळी सहा ते सात धार लावतो. खंड नाही.”

“आणि सातनंतर?”

“सात ते सात वीस तेलपाणी. लिहून ठेवतो सगळं.”

त्यांनी झोळीतून जाडजूड वही काढली. बुवांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वही माझ्या मांडीवर आली. अक्षर छापल्यासारखं. मी मोठ्यानं वाचलं.

“पाळणा. पूर्वतयारी. दिवस एकशे बारा. सहा ते सात, धार.”

“पुढं?”

“दिवस एकशे तेरा. सहा ते सात, धार. सात ते सात वीस, तेलपाणी. साडेसात ते नऊ, नकाशा चार, सुधारित.”

“पुढं?”

मी पानं उलटली. “धार. धार. नकाशा नऊ. धार… बुवा, शेवटपर्यंत हेच आहे.”

बुवांनी मान हलवली. मग खटावकरांकडं वळले.

“कापलंस काय?”

खटावकरांनी पेटीतलं एक गिरमिट सरळ केलं.

“भानुदास, एवढ्या धारेनं कापलंस काय?”

“अजून काही नाही.”

“छत्तीस वर्षांत?”

खटावकरांनी पटाशी पुसून पेटीत ठेवली.

आता सांगायला हवं की टेम्पो करून यायची एवढी घाई कसली होती. त्यांची मुलगी शलाका बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी पंधरवड्यातली तारीख दिली होती. आणि पोरगी हट्ट धरून बसली होती की बाळ बाराव्या दिवशी बाबांनी केलेल्या पाळण्यातच घालायचं. विकतचा नको. घरात एवढी हत्यारं असताना विकतचा कशाला?

तिचंही काय चुकलं म्हणा.

“म्हणून म्हणतो, पाळणा तुम्ही करा,” खटावकर म्हणाले. “हत्यारं तुम्हीच ठेवा, साग आणलाय. मी शलाकेला सांगेन, मीच केला.”

“मी केलेला वाकडा होतो.”

“चालेल.”

“तू का करत नाहीस?”

“हात थरथरतो. वय झालं, बुवा.”

“धार लावताना थरथरतो?”

“…नाही.”

“सरू, पाणी दे याला,” बुवा म्हणाले. मी तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत. तांब्या खाली ठेवला तेव्हा फरशीवर पाणी सांडलं.

माणूस कशाला तरी भ्याला होता, हे मला तेव्हाच कळलं. बालवाडीत पहिल्या दिवशी पोरं अशीच बसतात. दाराकडंही बघत नाहीत आणि बाईंकडंही नाही.

बुवांनी कंबरेवर हात ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला. मला तर नाटकच वाटलं.

“पाळण्याचं राहू दे. माझी पाठ धरलीय. जमिनीवर पडवत नाही. एक फळी टांगून दे मला.”

“फळी?”

“झोपाळा रे. पडवीच्या तुळईला. फळीला चार भोकं पाड, दोर ओव, टांग. एवढं तर करशील?”

खटावकर घुटमळले. पण गुरूनं मागितलं आणि तेही चार भोकं. नाही कसं म्हणणार?

“माप काय?”

“मी मावेन एवढं.”

“तसं नाही चालत, बुवा. लांबी, रुंदी, भोकाचा व्यास…”

“मावेन एवढं.”

त्यांनी वही उघडली. बुवांनी हात पुढं करून ती मिटली आणि बुडाखाली घेऊन बसले. मला हसू आवरेना. खटावकर मात्र हसले नाहीत.

गिरमिट हातात घेतलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. टोक फळीवर टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. पुन्हा उचललं. मी दोन वेळा ‘लावा की’ म्हणायला तोंड उघडलं, पण बुवांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी पावट्यांत मान घातली.

मग कर्र्‌ असा आवाज आला.

छत्तीस वर्षं धार लावलेलं हत्यार, हो. लाकडात असं उतरलं की खटावकरांनाच दचकायला झालं. भोकातून भुसा वर आला. त्यांनी फुंकर मारली. थांबले. वाकून वास घेतला.

“सागाचा वास…” ते म्हणाले. पुढचं बोललेच नाहीत.

दुसरं भोक लवकर पडलं. तिसऱ्याला त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. चौथ्याला गुणगुणायला लागले. सूर कसला ते विचारू नका, धड नव्हताच. पण माणूस गुणगुणत होता. दोन वर्षांत मी त्यांना गजराशिवाय कसलाही आवाज करताना ऐकलं नव्हतं.

“झालं?” बुवांनी विचारलं.

“कुठं झालं? भोकाच्या कडा मोडायला हव्यात. नाहीतर दोर कापेल.”

“बरं.”

“आणि फळीवर एक हात रंधा फिरवतो. तुम्हाला कुसळ लागेल.”

“लागू दे की.”

“असं कसं लागू दे?”

त्यांनी रंधा काढला. लाकडाची पातळ साल गुंडाळी होऊन बाहेर आली, अगदी चकलीसारखी. बुवांनी ती उचलली आणि स्वतःच्या कानावर खोवली. मला एक दिली. खटावकरांनी आपली आपण घेतली, उजेडात धरली आणि तिच्यातून पलीकडची नदी बघितली. साठी ओलांडलेला माणूस. मला आत कुठंतरी फार बरं वाटलं.

चार वाजून गेले होते. त्यांची नेहमीची एसटी गेली असती तरी त्यांना पत्ता लागला नसता. टेम्पोवाला ओरडून निघून गेला, तेही त्यांनी ऐकलं नाही.

दोर ओवले, गाठी मारल्या. तुळईला फळी टांगली, गुडघ्याइतक्या उंचीवर. एक डोळा मिटून पातळी बघितली. एका बाजूचा दोर बोटभर वर घेतला. पुन्हा बघितलं. दोन पावलं मागं सरकले. चेहऱ्यावर असं हसू की काय सांगू.

आणि तर्जनीनं फळीला हलकेच धक्का दिला.

फळी झुलली. एकदा पुढं, एकदा मागं. कुरकुर नाही, तिरपी चाल नाही. सुरेख झुलली.

खटावकरांचं हसू तसंच होतं. मग ते गेलं.

त्यांनी झडप घालून फळी दोन्ही हातांनी धरली. इतक्या जोरानं की तुळईवरची माती माझ्या पावट्यांत पडली.

“अहो, काय झालं?” मी ओरडले.

“हलवली… रिकामी हलवली मी.”

“झोपाळा आहे तो! पाळणा नव्हे काही.”

“रिकामी हलवली. बाई, शलाका घरी आहे. आज सकाळपासून तिच्या पोटात दुखतंय… थोडं थोडं.”

आता मी मोठ्या शहाणपणानं झोपाळा म्हणाले खरी. पण रिकामा पाळणा हलवू नये हे मला कोणी शिकवायला नको. बालवाडीत भातुकलीतला पाळणासुद्धा मी पोरींना रिकामा हलवू दिला नाही. आधी बाहुली ठेव, मग हलव. माझ्या हातावर काटा आला आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी पदर ओढून घेतला.

बुवा जागचे हलले नाहीत.

“बोल,” ते म्हणाले. “भानुदास, बोल.”

“मी एक पाळणा केला होता.” फळी त्यांनी सोडली नव्हती. गुडघ्यांवर बसले होते, फळीला धरून. “शलाकेच्या आधी. आमचा पहिला मुलगा व्हायचा होता तेव्हा. उसनी हत्यारं आणून केला. तीन महिने खपत होतो. पूर्ण झाला त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. मी तो टांगला. इतका छान झाला होता, बुवा… मला इतका आनंद झाला होता की…”

“की हलवून बघितलास.”

“किती तरी वेळ हलवत बसलो. गाणं म्हणत.”

मी सोललेले पावटे नुसतेच हातात घोळवत होते.

“मुलगा नऊ दिवस होता. डॉक्टर म्हणाले, जन्मतःच काळजाला भोक होतं. काही करता आलं नसतं. मला कळतं ते. मी शिकलेला माणूस आहे. पण कळून भीती जात नाही, बुवा.”

“आणि बायको?”

खटावकरांनी फळीवरचा भुसा बोटानं झटकला. नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज.

“एकदाच विचारलं तिनं. मूल गेल्यावर महिन्यानं. म्हणाली, तुम्ही तो रिकामा हलवला नव्हता ना? मी म्हणालो, नाही.”

“मग?”

“मग पुन्हा कधीच विचारलं नाही. मी हत्यारं घेत राहिलो. धार लावत राहिलो. ती समजते, मला नाद आहे. मलाही वाटायचं, नाद आहे. पण लाकूड पुढं आलं की… मला आनंद होईल याचीच भीती वाटते. आनंद झाला की माझ्या हातून काय होईल याचा नेम नाही.”

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवलंही नाही.

“म्हणून तुम्ही करा पाळणा,” ते म्हणाले. “बारा दिवस राहिलेत की दहा की दोन, मला माहीत नाही. आज तर मी पुन्हा… बुवा, काही उतारा आहे का यावर? नारळ, लिंबू, काय असेल ते सांगा. मी हसणार नाही. सांगाल ते करीन.”

बुवांनी बुडाखालची वही काढून माझ्याकडं सरकवली. मग भिंतीला धरून उठले. पाठ दुखत असलेला माणूस तसा उठत नाही, एवढं मी सांगते.

“हात काढ फळीवरचा.”

“हलेल ती.”

“काढ.”

त्यांनी एकेक बोट सोडवावं तसा हात काढला. बुवांनी फळीवर टेकून पाय वर घेतले आणि कुशीवर आडवे झाले. अंगात मांस असं उरलंच नव्हतं. पाय पोटाशी घेतले तर त्या फळीवर पुरते मावले. एक हात डोक्याखाली, एका हातानं दोर धरलेला. कानावर ती लाकडाची साल तशीच.

“हलव.”

“बुवा…”

“रिकामी आहे का?”

“नाही.”

“मग हलव.”

खटावकर माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? चौऱ्याऐंशीचा देह, नवी गाठ, जुनी तुळई. “बेतानं हलवा,” एवढंच म्हणाले, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

त्यांनी हात टेकवला. फळी झुलली. एकदा पुढं, एकदा मागं. ते फळीकडं बघतच नव्हते, वर गाठींकडं बघत होते. दर झोक्याला ओठ हलत होते. नाव घेत होते की झोके मोजत होते, कोण जाणे.

दहा झाले असतील. वीस झाले असतील. बुवा काही बोलेनात.

मग बुवांचा दोरावरचा हात सुटला. खाली लोंबकळला आणि फळीबरोबर झुलायला लागला. तोंड किंचित उघडं पडलं होतं.

खटावकरांनी फळी थांबवली.

“बुवा?”

हात तसाच लोंबत राहिला.

“बुवा!”

मी उठले. मांडीवरचे पावटे सगळे पडवीभर सांडले. मला बुवांची छाती हललेली दिसेना. पाय पुढं टाकायचा तर टाकवेना. मी पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले की भिऊ नका, भिऊ नका, आणि आता मीच भ्याले होते. देवा, असा नको नेऊस रे यांना, निदान या माणसाच्या हातून नको.

खटावकर पांढरेफटक पडले होते. नाकाशी बोट धरायला त्यांनी हात पुढं नेला आणि अर्ध्यावरच थांबवला. हात आता खरंच थरथरत होता. त्यांना बघायचंच नव्हतं.

“बाई…” ते पुटपुटले. “पुन्हा… माझ्याच हातानं…”

बुवांच्या कानावरची साल गळून खाली पडली.

एक डोळा अर्धवट उघडला. कपाळाला आठी.

“थांबलास कशाला रे… आत्ता कुठं डोळा लागत होता.”